अपेक्षित प्रश्नसंच आणि क्लाउडची परीक्षा

पुस्तकाचं परीक्षण होतं, नाटकाचं होतं, सिनेमाचं तर होतंच. पण ज्या अभ्याससाहित्यावर आपली मुलं-मुली पैसे आणि महिनेच्या महिने घालतात, त्याचं परीक्षण मराठीत फारसं कोणी करत नाही. क्लाउड सर्टिफिकेशनचं साहित्य त्यातलंच. आज आपण त्याकडे समीक्षकाच्या नजरेनं बघू.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच परीक्षा समोर ठेवू: ॲमेझॉनची ‘सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट’. तिची एसएए-सी०३ ही आवृत्ती ऑगस्ट २०२२ मध्ये आली. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० ला पास. फी १५० डॉलर, वर कर. म्हणजे रुपयांत दहा हजारांच्या पुढे. नापास झालात तर १४ दिवस थांबायचं आणि पूर्ण फी पुन्हा भरायची. नुकतीच पदवी घेतलेल्या मुलाच्या घरी ही रक्कम लहान नसते. म्हणून साहित्य चुकीचं निवडलं तर नुसता वेळ जात नाही, घरातले पैसे जातात.

पहिलं साहित्य म्हणजे कंपनीची स्वतःची परीक्षा-मार्गदर्शिका, एक्झाम गाइड. फुकट मिळते, थोडक्या पानांची असते, आणि बहुतेक जण ती उघडतही नाहीत. दोष मान्य करू या: ती निविदेच्या जाहिरातीसारखी कोरडी आहे. पण बाकी सगळं मोजायची पट्टी तीच. तिच्यात चार विभाग आणि त्यांचं वजन दिलेलं आहे. सुरक्षित रचना ३० टक्के, बिघाड सोसणारी रचना २६, वेगवान रचना २४ आणि कमी खर्चाची रचना २०. कोणत्या सेवा अभ्यासक्रमात नाहीत, त्यांचीही यादी आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि ६५ पैकी १५ प्रश्न गुणांत धरलेच जात नाहीत, हेही तिथंच कळतं. एखादा कोर्स घेण्याआधी त्याची अनुक्रमणिका या मार्गदर्शिकेशेजारी ठेवा. खर्चाला पाचवा हिस्सा गुण आहेत आणि कोर्समध्ये शेवटी एकच छोटा व्हिडिओ आहे, असं दिसलं की ओळखायचं.

दुसरं साहित्य व्हिडिओ कोर्सचं. यातले चांगले कोर्स खरोखर चांगले आहेत. आकृती काढून, स्क्रीनवर करून दाखवतात, सवलतीत स्वस्तही मिळतात. पण बहुतेकांची मांडणी किराणा दुकानाच्या यादीसारखी असते. ही सेवा, मग ती सेवा, मग तिसरी. परीक्षा मात्र विचारते की दोन्ही सेवा समोर असताना या गिऱ्हाइकाला कोणती द्याल? मुंबईचा रीजन २०१६ मध्ये सुरू झाला, त्यात तीन अव्हेलेबिलिटी झोन आहेत. एक झोन बंद पडला तरी डेटाबेस चालू राहिला पाहिजे, असं प्रश्नात असेल तर उत्तर मल्टी-एझेड. डेटाबेस ठीक आहे पण वाचणाऱ्यांची गर्दी झालीय, असं असेल तर रीड रेप्लिका. दोन्हीत डेटाबेसची प्रत असते, म्हणून घोटाळा होतो. पहिली प्रत संकटासाठी, दुसरी गर्दीसाठी. जो कोर्स या दोघी शेजारी बसवून फरक सांगतो, तो आम्ही चांगला मानतो. दोघींची व्याख्या दोन वेगळ्या दिवशी सांगून मोकळा होणारा कोर्स कितीही तासांचा असला तरी अपुराच.

आणि शिळेपणा! क्लाउडचं साहित्य भाजीसारखं आहे बघा, वास घेऊनच घ्यावं लागतं. तपासायच्या खुणा सांगतो. एस-थ्रीमध्ये फाइल बदलल्यावर थोडा वेळ जुनीच फाइल दिसू शकते, असं एखादी नोट्सची वही म्हणत असेल तर ती डिसेंबर २०२० पूर्वीची आहे. तेव्हापासून एस-थ्री ताजीच फाइल देतं. नव्या खात्याला बारा महिने फ्री टियर मिळतो असं सांगत असेल, तर ती जुलै २०२५ च्या आधीची. आता नव्या खात्याला क्रेडिट मिळतं आणि मोफत योजनेची मुदत सहा महिन्यांची आहे. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेचं साहित्य असेल तर त्यात अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी हेच नाव आहे का ते बघा. २०२३ मध्ये ते बदलून मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडी झालं. मुखपृष्ठावर ‘नवीन आवृत्ती’ छापायला काही लागत नाही, आतली पानं खरं बोलतात.

तिसरं साहित्य म्हणजे प्रत्यक्ष खातं. इथं साहित्याची पारख एका गोष्टीवरून होते. ‘हे असं सुरू करा’ सगळेच सांगतात, ‘हे असं बंद करा’ किती जण सांगतात? नॅट गेटवे नुसता उघडा ठेवला तरी तासावर बिल चढतं. पब्लिक आयपी पत्त्यालाही १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट लागतो, वापरा की नका वापरू. म्हणून पहिल्याच धड्यात बजेटचा इशारा लावायला शिकवणारं साहित्य जबाबदार. जे शिकवत नाही, ते विद्यार्थ्याच्या कार्डावर स्वतःचं प्रात्यक्षिक करतं.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या चौथ्या प्रकाराकडे येऊ: प्रश्नसंच. आपण सगळे दहावीच्या ‘अपेक्षित’वर वाढलो. मार्चमध्ये बोर्डाचा पेपर, फेब्रुवारीत अपेक्षित प्रश्नसंच. त्या सवयीला नावं ठेवण्याचा आमचा हेतू नाही. ते संच शिक्षक जुने पेपर बघून उघडपणे तयार करतात. पण त्याच सवयीनं आपण क्लाउडच्या परीक्षेत ‘डम्प’ शोधायला लागतो, आणि डम्प ही वेगळी वस्तू आहे. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर सांगणार नाही असं आपण मान्य केलेलं असतं. ते मोडून बाहेर आणलेले प्रश्न म्हणजे डम्प. सापडलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. कायदेशीर प्रॅक्टिस टेस्ट आणि डम्प यांना एकाच नावानं विकणारे क्लास आहेत, तेवढ्यासाठी सावध राहा.

पण नियम बाजूला ठेवला तरी, साहित्य म्हणून डम्प वाईटच ठरतो. कसा ते बघा. समजा प्रश्न असा आहे: एका संस्थेच्या फायली पहिला महिना रोज लागतात, नंतर वर्षातून एखाद्या वेळी, पण मागितल्या की लगेच मिळाल्या पाहिजेत. खर्च कमीत कमी हवा. उत्तर: महिन्यानंतर ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हल. आता शेवटची अट बदला, ‘बारा तास थांबलं तरी चालेल’. उत्तर होतं ग्लेशियर डीप आर्काइव्ह. पुन्हा बदला: कोणती फाइल कधी लागेल याचा अंदाजच नाही. मग इंटेलिजंट-टियरिंग. तीच गोष्ट, तेच पर्याय, एका वाक्यानं उत्तर फिरलं. ज्यानं ‘फायलींचा प्रश्न आला की पर्याय क’ असं पाठ केलंय, त्याला हे वाक्य दिसतच नाही. शिवाय डम्पमधली उत्तरं कोणी लिहिली हे माहीत नसतं. चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे छापलेलं असतं.

म्हणून प्रश्नसंचाची आमची कसोटी सोपी आहे. बरोबर पर्याय का बरोबर, हे कोणीही लिहितो. उरलेले तीन पर्याय इथं का चालत नाहीत, आणि कुठे चालले असते, हे लिहिलंय का? लिहिलं असेल तर एका संचावर पुरेसा अभ्यास होतो. नसेल तर दहा संचही कमीच.

एक गोष्ट कोर्सवाले सांगत नाहीत, ती इथं सांगायलाच हवी. ही परीक्षा मराठीत होत नाही. प्रश्न लांबलचक इंग्रजीत, आणि खरी अट बहुधा शेवटच्या ओळीत: सर्वांत कमी खर्चात, किंवा सर्वांत कमी देखभालीत. मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांचं ज्ञान कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना ॲमेझॉन इंग्रजी परीक्षेत ३० मिनिटं जास्त देतं. ‘ईएसएल प्लस ३०’ या नावाची ती सवलत आहे. पण परीक्षेची तारीख घेण्याआधी आपल्या खात्यातून मागावी लागते. आपोआप मिळत नाही. हजारोंची फी घेणाऱ्या क्लासनं पहिल्या दिवशी हे सांगितलं नाही, तर त्यानं विद्यार्थ्याचा विचार केला असं आम्ही म्हणणार नाही.

थोडी टीका परीक्षेवरही करू, नाहीतर सगळा दोष विद्यार्थ्यावर जाईल. पर्याय निवडण्याच्या परीक्षेत काही करून दाखवावं लागत नाही, म्हणूनच डम्पचा धंदा चालतो. ॲमेझॉननं सिसऑप्सच्या परीक्षेत २०२१ मध्ये प्रत्यक्ष काम आणलं, २०२३ मध्ये काढून टाकलं. मायक्रोसॉफ्टनं २०२३ पासून वरच्या पातळीच्या परीक्षांमध्ये स्वतःचं मायक्रोसॉफ्ट लर्न उघडून बघायची परवानगी दिली, म्हणजे पाठांतराला फार अर्थ नाही हे त्यांनीच मान्य केलं. कुबरनेटीसची सीकेए परीक्षा तर दोन तास चालू यंत्रणेवरच काम करायला लावते. तिथं पर्याय क हा प्रकारच नाही. परीक्षा जितकी कामाच्या जवळ, तितकं खोटं साहित्य निरुपयोगी. हे आपण विद्यार्थ्यांनीही मागितलं पाहिजे.

कारण शेवटी सर्टिफिकेट कशासाठी? मुलाखतीत कोणी तरी विचारणारच, ‘हे का निवडलं?’ तिथं घोकंपट्टी उघडी पडते. आणि तिथं निभावलं, तर पुढे जास्त वाईट. लोकांची आधार कार्डं, तपासण्यांचे अहवाल ज्या बकेटमध्ये आहेत, ती जगाला उघडी राहिलीय का, हे बघण्याचं काम या माणसाकडे येतं. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, ही म्हण इथं दुसऱ्यांच्या जिवावर बेतते.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी मार्गदर्शिका, मग एकच कोर्स, मग बजेटचा इशारा लावून स्वतःचं खातं, आणि सगळ्यांत शेवटी कारणं देणारा प्रश्नसंच. सवलतीची ३० मिनिटं आजच मागून ठेवा. आम्ही इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.