चाल कळते, कारण कळत नाही

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. तिथल्या शाळकरी पोराच्या मोबाइलवर आज जे बुद्धिबळ इंजिन चालू शकतं, ते कुठल्याही विश्वविजेत्याला हरवेल, तेही एक रुपया न घेता. म्हणूनच इंजिन विकणाऱ्यांना आता विचारायला हवं: पैसे नेमके कशाचे?

पूर्वी उत्तर सोपं होतं, ताकदीचे. 1977 मध्ये ‘फिडेलिटी’चं ‘चेस चॅलेंजर’ आलं, 1991 मध्ये हॅम्बुर्गच्या ‘चेसबेस’नं ‘फ्रिट्झ’ आणलं. 1998 मध्ये ‘रेबेल’ या इंजिननं विश्वनाथन आनंदवर 5–3 अशी सरशी केली, मात्र दीर्घ वेळेच्या दोन डावांत आनंदच वरचढ ठरला. विचाराला वेळ मिळाला की माणूस तेव्हा टिकत होता.

2006 मध्ये बॉनला तेही संपलं. ‘डीप फ्रिट्झ’विरुद्धच्या दुसऱ्या डावात विश्वविजेत्या क्रॅमनिकनं वजीर ई-3 वर नेला आणि एका चालीतली मात त्याच्या नजरेतून निसटली. पांढरा घोडा एफ-8 वर होता. त्याच्या जोरावर पांढरा वजीर थेट एच-7 वर येऊन बसला. सामना 4–2 असा ‘फ्रिट्झ’नं जिंकला.

पुढे ‘रिब्का’ आलं, गाजलं, आणि दुसऱ्यांचा कोड वापरल्याच्या ठपक्यावरून 2011 मध्ये त्याची संगणक-विजेतेपदं काढून घेतली गेली. 2008 पासून मुक्तस्रोत असलेल्या ‘स्टॉकफिश’नं मात्र सगळा बाजारच उलटवला. 2020 मध्ये त्यात न्यूरल नेटवर्क आलं. त्याच्याच कोडवर बेतलेलं ‘फॅट फ्रिट्झ 2’ चेसबेसनं 2021 मध्ये विकायला काढलं, तेव्हा स्टॉकफिशचे कर्ते कोर्टात गेले. 2022 मध्ये तडजोड झाली. लोकांनी मिळून फुकट दिलेल्या कामाचा मान राखला गेला, हे फार बरं झालं.

ताकदीचा प्रश्न मिटला. शिकवण्याचा तसाच आहे. इंजिन सांगतं: पांढरा +0.8, म्हणजे वरचढ. पण का? काळ्याचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलाय म्हणून, की राजाभोवतीची फळी फुटलीय म्हणून? आकड्यातून ते उमगत नाही. पोरं इंजिनची चाल पाठ करतात आणि समोरच्यानं वेगळंच काही खेळलं की अडतात. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तो कोनेरू हम्पीविरुद्ध टायब्रेकच्या जलद डावांत. अशा वेळी इंजिन जवळ नसतं. पटावरचं सगळं स्वतःलाच समजावं लागतं.

विकाऊ प्रोग्रॅमांनी खरं तर इथे कष्ट घ्यायला हवेत. नव्या आवृत्तीच्या खोक्यावर वाढलेलं गुणांकन छापण्यापेक्षा, बाराशे गुणांकनाच्या खेळाडूला त्याची चूक सरळ वाक्यात, जमल्यास मराठीत, सांगणारा प्रोग्रॅम मला जास्त मोलाचा वाटेल. तोवर पैसे खर्चायचेच असतील तर डावांच्या चांगल्या डेटाबेसवर खर्चावेत. इंजिन फुकटचंच वापरावं, आणि तेही आपला डाव आधी स्वतः तपासून झाल्यावर.