साथीदाराची कला आणि आमची समीक्षा

गाण्याच्या बैठकीचें परीक्षण लिहिणारा लेखक गायकाच्या आवाजाविषयीं, रागविस्ताराविषयीं, तानांविषयीं दोन रकाने भरतो आणि शेवटीं एक ठराविक वाक्य टाकून मोकळा होतो : 'तबल्यावर अमुक यांनीं व पेटीवर तमुक यांनीं अनुरूप साथ केली.' हें 'अनुरूप' विशेषण आमच्या समीक्षेंत इतकें गुळगुळीत झालें आहे कीं, साथीदारानें काय केलें, काय टाळलें, गायकास कोठें सांवरलें आणि कोठें त्याची वाट अडविली, याचा त्यावरून कांहींएक बोध होत नाहीं. अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या साथीस बसत, गोविंदराव पटवर्धनांची पेटी छोटा गंधर्व, कुमार गंधर्व यांच्या गाण्यास लाभली, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या साथीचा गुण नेमका कशांत होता हें सांगण्याची वेळ आली म्हणजे आम्ही सोन्यास सुगंध आणि दुधांत साखर यांच्या आश्रयास जातों.

आज हा विचार आम्हांस एका वेगळ्याच निमित्तानें सुचत आहे, आणि तें निमित्त आमच्या कांहीं वाचकांस या पृष्ठांवर अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तें म्हणजे संगणकावर अनेकांनीं मिळून खेळावयाचे भूमिकाप्रधान ऑनलाइन खेळ. बोरिवली-अंधेरीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या उपनगरांत ज्या घरीं कॉलेजांत जाणारें मूल आहे, त्यांतील पुष्कळ घरीं रात्रीचीं पानें उचललीं गेल्यावर कोणी तरी कानांस हेडफोन लावून बसतें, आणि आईनें हांक मारली असतां 'आतां उठतां येणार नाहीं, बाकीचे मरतील' असें उत्तर देतें. आईबापांस हें उत्तर उद्धट वाटतें. तें उद्धट आहेच. परंतु खोटें नाहीं, इतकेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.

या खेळांची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. त्यांतील मोठ्या लढाया एकट्यानें जिंकावयाच्या नसतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या इ. स. २००४ मध्यें निघालेल्या खेळांत लहान मोहिमेस पांच जण लागतात. एक जण राक्षसाचे घाव आपल्या अंगावर घेतो, त्यास 'टँक' म्हणतात. तिघे राक्षसावर प्रहार करतात. आणि पांचवा, 'हीलर', या चौघांचे प्राण राखतो. मंत्रानें इतरांचें बळ वाढविणारा असाहि एक प्रकार आहे. या सर्वांस मिळून 'सपोर्ट' असें नांव आहे. आम्ही त्यांस साथीदार म्हणूं. इ. स. १९७४ मधील 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन बैठ्या खेळांतील 'क्लेरिक' म्हणजे धर्मोपदेशकाच्या पात्रापासून ही भूमिका चालत आली आहे. कोरियांत २००२ सालीं निघालेला 'रॅग्नारोक ऑनलाइन' २००४ च्या सुमारास हिंदुस्थानांतहि आला होता; त्या वेळीं ज्या पोरांनीं त्यांतील 'प्रीस्ट' चालविला, ते आतां स्वतः आईबापांच्या वयास पोंचले आहेत.

या साथीदारासंबंधानें खेळाडूंच्या जगांत दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. मोहीम फत्ते झाली तर 'हीलर फार चांगली होती' असें म्हणून आभार मानतात. कोणी मेला तर 'हीलर काय झोंपली होती?' असें विचारतात. जो मेला तो पेटत्या जमिनीवर आपण होऊन उभा राहिला होता काय, याची चौकशी सहसा होत नाहीं. आभार आणि दोषारोप हीं दोन्हीं टीकेचीं रूपें नव्हेत. आभारांत तर आमच्या समाजाचा एक जुना आळस लपलेला आहे. जें काम दुसऱ्याच्या उपयोगीं पडतें, त्यास सेवा म्हणावयाचें, त्याग म्हणावयाचें, आणि एकदां त्याग म्हटलें कीं तें काम बरें झालें कीं वाईट, हें पाहण्याच्या कष्टांतून सुटका करून घ्यावयाची. घरांतील गृहिणीस आम्ही त्यागमूर्ति म्हणतों, तेव्हां तिच्या हिशेबांतील अक्कल, माणसें हाताळण्यांतील धोरण, आजारपणाची चाहूल तिला दोन दिवस आधीं लागते तो अनुभव, यांपैकीं कशाचीहि आम्हीं परीक्षा केलेली नसते. साथीदाराची कला हा सद्गुण नसून ती एक विद्या आहे, आणि विद्येस परीक्षक लागतो, असें आमचें म्हणणें आहे.

ती विद्या कोणती तें पाहूं. 'एव्हरक्वेस्ट' हा खेळ १९९९ सालीं निघाला. त्यांतील क्लेरिकाजवळ 'कम्प्लीट हील' नांवाचा एक मंत्र होता. तो म्हणावयास दहा सेकंद लागत. मोठ्या राक्षसापुढें दहा सेकंदांत घाव घेणारा दोनदां मरावा. म्हणून अनेक क्लेरिक ओळीनें उभे राहात, पहिल्यानें मंत्र आरंभिला कीं कांहीं सेकंदांनीं दुसऱ्यानें, मग तिसऱ्यानें, अशी सांखळी धरीत, आणि त्यामुळें दर कांहीं सेकंदांस एक मंत्र फळास येई. यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, मंत्र आरंभिला जाई त्या वेळीं ज्या जखमेवर तो लागू पडावयाचा ती जखम झालेलीच नसे. जखम पाहून जो धांवला तो उशीर झालेला माणूस होय. तबलजी समेवर येतो तो सम ऐकून येत नाहीं. गायक कोठें येणार हें त्यानें चार मात्रा आधीं ओळखलेलें असतें. नव्या खेळांत मंत्र त्वरेनें फळतात, कित्येक तर तत्काळ. तरीहि घावापूर्वींच ढाल चढविणारा आणि घावानंतर मलम लावणारा यांतील फरक राहिलाच आहे.

मुंबईच्या खेळाडूस तर हें पूर्वज्ञान अधिकच लागतें. 'वॉरक्राफ्ट' काय किंवा 'फायनल फँटसी' मालिकेंतील चौदावा खेळ काय, यांचीं मुख्य यंत्रें हिंदुस्थानांत नाहींत; येथील मुलें युरोपांतील, जपानांतील वा अमेरिकेंतील यंत्रांशीं जोडून घेतात. अंधेरीच्या पश्चिमेस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रतळावरील तारा जमिनीवर येतात. अशा तारांमधून आज्ञा परदेशीं जाऊन तिचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत सेकंदाच्या एक दशांशाहून अधिक काळ जातो. प्रहार करणाऱ्याचें यांत फारसें बिघडत नाहीं. साथीदार मात्र जें पाहतो तें किंचित् शिळें असतें, आणि जें करतो तें किंचित् उशिरा पोंचतें. उपनगरांतील चांगला हीलर जर्मनींतील चांगल्या हीलरपेक्षां थोडा अधिक भविष्यवादी असावा लागतो, आणि हें कौतुक कोणत्याहि गुणपत्रिकेंत येत नाहीं.

गुणपत्रिका मात्र आहे, आणि तिनेंच घोटाळा केला आहे. लढाई चालू असतां कोणीं किती प्रहार केले व कोणीं किती प्राण भरले, याचे आंकडे मांडणारीं साधनें खेळाडूंनीं बनविलीं आहेत. पहिल्या नंबराच्या मागें लागलेल्या आमच्या मध्यमवर्गीय मुलांस तीं न आवडलीं तरच नवल. प्रहार करणाऱ्यास हा आंकडा पुष्कळसा न्याय देतो. हीलराच्या बाबतींत तो उलटा पडतो. जखमा अधिक झाल्या तर भरावयास अधिक सांपडतें. सगळे शहाणपणानें खेळले तर हीलराचा आंकडा लहान राहातो. शिवाय दोन हीलर असले तर ज्याची जखम दुसरा भरीतच होता, तिच्यावर आपला मंत्र आधीं टाकून आंकडा पळवितां येतो. भरलेल्या घागरींत ओतलेलें पाणी हिशेबांत 'ओव्हरहीलिंग' म्हणून निराळें दाखवितात खरें; पण तोहि रकाना आंधळा आहे, कारण संकट येणार म्हणून आधीं टाकलेला आणि तें सुदैवानें न आलेला असा मंत्र त्याच रकान्यांत पडतो. गायकाच्या प्रत्येक विश्रांतींत तुकडा वाजवून टाळी घेणारा तबलजी आम्हीं पुष्कळ पाहिला आहे. या आंकड्यांनीं तसले हीलर तयार केले.

२०२३ सालीं 'वॉरक्राफ्ट'मध्यें 'ऑगमेंटेशन इव्होकर' नांवाची भूमिका आली. तिचें मुख्य काम सोबत्यांचें बळ वाढविणें, त्यामुळें तिचा बराचसा पराक्रम दुसऱ्यांच्या खात्यावर जमा होऊं लागला. तेव्हां हिशेब मांडणाऱ्यांस आपली रीत बदलून उसन्या बळाचा वांटा मूळ मालकाच्या नांवें काढावा लागला. ही सुधारणा आम्हांस स्वागतार्ह वाटते, जरी तीहि प्रहारांच्याच भाषेंत बोलते.

काटकसर हा या कलेचा दुसरा प्राण. मंत्रास 'मॅना' नांवाची शक्ति खर्चावी लागते. मूळ 'वॉरक्राफ्ट'मध्यें एक नियम होता, आणि २०१९ सालीं जुना खेळ 'क्लासिक' या नांवानें पुन्हा चालू केला तेव्हां तो परत आला : मंत्रावर शक्ति खर्चिली कीं पुढील पांच सेकंद आत्मबळानें होणारी शक्तीची भरपाई थांबते. अर्थात् जो हीलर थोडें थांबूं शकेल, त्याचीच शक्ति भरून येई. लहान जखमेस लहान पायरीचा मंत्र योजावा, आणि मोठा मंत्र आरंभून गरज सरली असें दिसतांच मध्येंच सोडून द्यावा, अशी तेथील जाणत्यांची रीत होती. आरंभीं टँकानें राक्षसाचें लक्ष आपणांकडे वेधण्यापूर्वींच जो घाईनें प्राण भरूं लागे, त्याच्यावरच राक्षस उलटत. कारण त्या जगांत उपचार करणें हेंहि शत्रूस डिंवचणेंच असतें. या नियमाचें सौंदर्य खेळ रचणाऱ्यांस कितपत अभिप्रेत होतें कोण जाणे, परंतु साथीच्या कलेचें इतकें नेटकें व्याकरण आम्हीं संगीताच्या पुस्तकांतहि क्वचितच पाहिलें आहे.

चौदाव्या 'फायनल फँटसी'मध्यें एक वाद चालत आला आहे : कोणास इजा नसेल तेव्हां हीलरानें राक्षसावर प्रहार करावा कीं नाहीं? 'आमचें काम प्राण राखण्याचें, मारण्याचें नव्हे' असें कांहीं जण सात्त्विक रोषानें म्हणतात. आम्ही या बाबतींत दुसऱ्या पक्षाचे आहों. तेथील कठीण लढायांस कालमर्यादा असते. ती उलटली कीं राक्षस सर्वांस एकदम गारद करतो. लढाई लांबली तर जखमाहि वाढतात. रिकाम्या हातांनीं पुढील जखमेची वाट पाहात उभा राहणारा हीलर सात्त्विक नव्हे, तर अर्धवट शिकलेला आहे. मात्र प्रहाराच्या नादांत सोबत्याकडे दुर्लक्ष करणारा त्याहूनहि वाईट.

आमच्याकडे इंग्रजी वाङ्मय शिकणारी घाटकोपरची एक विद्यार्थिनी या खेळांत 'व्हाइट मेज' चालविते. तिच्याजवळ 'बेनेडिक्शन' नांवाचा एक मंत्र आहे. तो एका सोबत्याचे सर्व प्राण क्षणांत भरून देतो, पण एकदां वापरला कीं तीन मिनिटें पुन्हा मिळत नाहीं. नवशिके तो शेवटच्या संकटासाठीं जपून ठेवतात आणि लढाई संपते तरी तो तसाच शिल्लक असतो. ही कृपणता दिसते दूरदृष्टीसारखी. ती म्हणाली, "सर, थँक यू पुष्कळ जण म्हणतात. पण मी नक्की काय बरोबर केलं, हें आजवर एकानंहि सांगितलं नाहीं."

तिनें हरलेल्या एका लढाईची नोंद आम्हांस दाखविली. आठ जण होते. टँक पडला आणि मग सर्वच पडले. मंडळींचें म्हणणें असें कीं, त्याला शेवटच्या घावापूर्वीं वांचवावयास हवें होतें. तिनें चित्र मागें नेलें, सुमारें पाऊण मिनिट. तेथें एका धनुर्धराचे प्राण निम्म्यावर आले होते, त्याच्यावर सावकाश भरणारा मंत्र चालूच होता, पुढें बारा सेकंद कोणताहि घाव यावयाचा नव्हता, आणि तरी तिनें बेनेडिक्शन त्याच्यावर खर्चिलें. त्या क्षणीं पडद्यावर सर्व कुशल दिसत होतें. कोणी तिचे आभारहि मानले होते. "घोटाळा इथं आहे," ती म्हणाली, आणि पुढची लढाई आठ वाजतां असल्यामुळें तिनें ती वेळ वहींत टिपून घेतली.