पडद्यावरील पुरंदरचा तह : एक चिकित्सा

दृश्यमाध्यमाला युद्ध सहज मानवते. वाटाघाटी तितक्या सहज मानवत नाहीत. शिवकालावरील चित्रपटांत ही मर्यादा विशेषत्वाने जाणवते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी बाबूराव पेंटर यांनी केलेल्या 'सिंहगड' (१९२३) या मूकपटापासून ओम राऊत यांच्या 'तान्हाजी' (२०२०) या हिंदी चित्रपटापर्यंत कोंढाण्याचा पराक्रम पुन्हा पुन्हा पडद्यावर आला. हा किल्ला ज्याने गेला, तो जून १६६५ चा पुरंदरचा तह मात्र दुय्यमच राहिला.

'तान्हाजी'मध्ये तह केवळ पूर्वपीठिका म्हणून येतो. कोंढाणा सोडताना जिजाबाई अनवाणी राहण्याची प्रतिज्ञा करतात आणि तहाचा अर्थ 'अपमान' एवढाच उरतो. प्रसंग प्रभावी आहे. परंतु इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. पुरंदरला वेढा पडलेला असताना शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगांशी बोलणी केली. २३ किल्ले व ४ लक्ष होनांचा मुलूख दिला, १२ किल्ले राखले. मनसब स्वतः न घेता संभाजीराजांच्या नावे पंचहजारी स्वीकारली. तहाने राज्य टिकले, म्हणूनच १६७० मध्ये कोंढाण्यासह अनेक किल्ले परत घेता आले.

तह म्हणजे शरणागती, हे समीकरण पडद्यावरून विद्यार्थ्यांच्या मनात रुजते. मुरगूडसारख्या ग्रामीण भागातील वर्गात चित्रपटासोबत तहाची कलमेही वाचली गेली, तर माघार हाही राजनीतीचा विचारपूर्वक निर्णय असू शकतो, हे उमगेल. तटावरील झुंजीइतकेच छावणीतील संभाषणही नाट्यपूर्ण असते. ते रंगविणारा दिग्दर्शक या परंपरेला प्रौढत्व देईल.