बंदीच्या काळातले गाणे

मराठी मुलखात परकीय सत्तेच्या जाचातून शास्त्रोक्त संगीत निपजले ते रंगभूमीवर. मैफल बडोदा, कोल्हापूर, मिरज अशा संस्थानांच्या आश्रयाने जगत होती आणि ख्यालात शब्द मुळातच दुय्यम. शोस्ताकोविचच्या पाचव्या सिंफनीत (१९३७) स्टालिनची दहशत ऐकू येते असे म्हणतात; मारवा किंवा दरबारी रागात इंग्रजी अंमल शोधणे मात्र व्यर्थ आहे. अपवाद गायक मास्टर कृष्णरावांचा. झिंझोटी रागात बांधलेले ‘वंदे मातरम्’ मुंबई रेडिओने गाऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी त्या केंद्रावरच बहिष्कार टाकला. तिथेही झगडा शब्दांवरून होता, झिंझोटीवरून नव्हे.

नाटकात शब्दाला धार होती, म्हणूनच प्रयोगांवर बंदी घालू देणारा १८७६चा नाट्यप्रयोग कायदा आला. नाटककार खाडिलकरांचा कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन हे प्रेक्षकांनी ओळखले, तसे सरकारनेही. ‘कीचकवध’ (१९०७) १९१० साली बंद पडले. ते गद्य नाटक. पुढच्या वर्षी खाडिलकरांनी गोविंदराव टेंब्यांच्या चालींचे ‘मानापमान’ दिले. रागदारी पुढे आली, राजकारण मागे सरले.

दोन्हींचा खरा मेळ ‘संन्यस्त खड्ग’मध्ये (१९३१) दिसतो. ते लिहिणारे सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणात पडायचे नाही, जिल्हा सोडायचा नाही, अशी अट. मग राजकारण बुद्धकाळात नेले: शाक्यांवर कोसलांची स्वारी होते आणि संन्यास घेतलेला सेनापती विक्रमसिंह पुन्हा शस्त्र उचलतो. प्रयोग दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीचा, चाली ग्वाल्हेर घराण्याच्या वझेबुवांच्या. दीनानाथांचा चढा सूर आणि विजेसारखी तान अशा नाटकाला शोभणारीच. तरीही लोकांच्या ओठी राहिले ते पटदीपातले पद, आणि त्यात खड्गाचा खणखणाट नाही, हृदयीच्या ठेव्याची हळवी जपणूक आहे. बंड संवादांत राहिले, पदे रागाच्या वाटेने गेली. नाटककाराला हे कितपत रुचले असेल कोण जाणे. संगीताचा मात्र त्यात फायदाच झाला.

इंग्रजी अंमलात खानदेशानेही सोसले काही कमी नाही, पण त्यातून गाणे निपजले नाही. दोंडाईच्याजवळच्या नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शाळकरी शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीबारात पडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्या कोठड्यांची मोठी देणगी गद्याची, रागसंगीताची नव्हे. संगीताशी या भागाचे नाते सोयरिकीचे. तापीकाठचे थाळनेर ही दीनानाथांची सासुरवाडी.

आज ही नाटके क्वचितच उभी राहतात. पदे मैफलीत आणि नाट्यगीत स्पर्धांत गायली जातात, तानांनी लांबवली जातात. पात्र कोण, प्रसंग कोणता, याचा पत्ता नसतो. दोंडाईच्यासारख्या गावांतल्या संगीतवर्गांनी पद शिकवण्याआधी त्याचा प्रवेश मुलांकडून एकदा वाचून घ्यावा.