रोजची चित्रवही

आपल्याकडे चित्राविषयी बोलावयाचे झाले की बोलणे भिंतीवर सुरू होते आणि भिंतीवरच संपते. चौकटीत बसवलेले, प्रदर्शनात मांडलेले, खाली किंमतीची चिठ्ठी लावलेले जे असते ते चित्र. आणि चित्रकाराच्या झोळीत जी मळकी वही पडलेली असते ती त्या चित्राची केवळ मोलकरीण, अशी आपली समजूत आहे. कवीच्या पत्रांवर आणि लेखकाच्या रोजनिशीवर आपण आवडीने लिहितो, पण चित्रकाराच्या रोजच्या वहीची परीक्षा करावी असे क्वचितच कोणाला वाटते.

अलीकडे या वहीला बरे दिवस आले आहेत. अमेरिकेतील सिॲटल येथे वृत्तपत्रासाठी चित्रे काढणाऱ्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ साली ‘अर्बन स्केचर्स’ या नावाने एक मेळ जमवला, आणि बघता बघता त्याच्या शाखा जगभर पसरल्या. आपल्या मुंबई-पुण्यातही सुटीच्या दिवशी हौशी मंडळी वही आणि रंगपेटी घेऊन एखाद्या जुन्या वाड्यासमोर किंवा मंडईत बसलेली दिसतात. वह्या वाढल्या ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पीक भरघोस आले म्हणजे ते पाखडण्याचे कामही कोणीतरी करावे लागते. चांगली चित्रवही कोणती आणि ती कशावरून ओळखावी, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

मी चित्रकार नव्हे. माझ्यापाशी एक वही असते आणि मित्रमंडळी आपल्या वह्या विश्वासाने माझ्या हाती देतात, एवढाच माझा अधिकार. त्या चाळताना मला वह्यांच्या दोन जाती दिसल्या: एक दाखवण्याची आणि दुसरी पाहण्याची. दाखवण्याच्या वहीचे प्रत्येक पान नटलेले असते. वर वळणदार अक्षरांत गावाचे नाव, कोपऱ्यात चिकटवलेले वाळके पान, मुद्दाम उठवलेले कॉफीच्या कपाचे वर्तुळ, सोनेरी शाईची एखादी रेघ. फोनवर टिपून दहा जणांना धाडले की पानाचे काम संपते. सुंदर पान करणे हा काही गुन्हा नव्हे. पण अशी पन्नास पाने पाहिल्यावर लोणावळा कोणता आणि लिस्बन कोणते हे वरच्या अक्षरांवाचून कळत नाही, तेव्हा मनात शंका येते.

या वह्यांत हल्ली एकाच पानावर पेन्सिल, शाई, जलरंग, मेणखडू आणि चिकटवलेले कागद अशी अनेक साधने नांदत असतात. याला मिश्र माध्यम म्हणतात. त्यासाठी मी एक सोपी कसोटी वापरतो. पानावरचे एकेक साधन मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवावे आणि मग पाहावे की, पानाचे काय गेले? काहीच गेले नसेल तर ते साधन केवळ दागिना होते. पानाचा प्राणच गेला असेल, तर ते तेथे हक्काने आले होते असे समजावे.

या कसोटीला सर्वांत चोख उतरणारे उदाहरण लंडनचे आहे. १९४० च्या शरदऋतूत त्या शहरावर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते आणि हजारो माणसे भुयारी रेल्वेच्या फलाटांवर पथाऱ्या टाकून झोपत होती. हेन्री मूर या शिल्पकाराने ती माणसे वह्यांत चितारली. त्यांतली एक वही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मूरने आधी मेणखडूने आकृती काढल्या आणि वरून गडद जलरंगाचा हात फिरवला. मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही. त्यामुळे अंधार चहूकडे पसरला, पण माणसांपाशी येऊन थबकला. नंतर शाईच्या रेघांनी त्याने पांघरुणांच्या चुण्या बांधून काढल्या. नात्यातल्या एका लहान मुलीला रमवण्यासाठी चित्र काढताना स्वस्तातल्या मेणखडूंची ही करामत आपल्याला गवसली, असे त्याने स्वतः सांगितले आहे. या पानांतून मेण काढा. माणसे बुडून जातील. रंग काढा, भुयार नाहीसे होईल. शाई काढली तर आकृती विरघळेल. तीन साधने आली, कारण तिघांना तीन वेगळी कामे होती.

याच वह्यांमुळे आणखी एका मताची परीक्षा होते. जे काढावयाचे ते जागेवर बसून, प्रत्यक्ष पाहूनच काढावे, असा अर्बन स्केचर्सच्या जाहीरनाम्यातला पहिला दंडक आहे. शिकणाऱ्याला तो हितकारक आहे यात शंका नाही, कारण त्यामुळे छायाचित्रावरून नक्कल करण्याची सवय सुटते. पण मूरने भुयारात चित्रे काढली नाहीत. उघड्यावर निजलेल्या माणसांसमोर वही उघडणे त्याला अशिष्टपणाचे वाटले. तो तेथे फक्त चार शब्द टिपून घेई आणि दुसऱ्या दिवशी घरी आठवणीतून चित्र काढी. तेव्हा वहीचा खरेपणा बसण्याच्या जागेवर नव्हे, तर पाहण्याच्या निष्ठेवर अवलंबून आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडेही स्मशानघाट, इस्पितळाची ओसरी, रेशनच्या दुकानापुढची रांग अशी ठिकाणे आहेत. तेथे वही मिटून ठेवणे आणि डोळे उघडे ठेवणे हाच सभ्यपणा होय.

मूरने टिपलेल्या त्या चार शब्दांवरून आठवले. मिश्र माध्यमात सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे अक्षर. फ्रेंच चित्रकार दलाक्रवा १८३२ साली मोरोक्कोला गेला तेव्हा त्याच्या वह्यांत रेखाटन, जलरंगाचे पुसट डाग आणि बारीक अक्षरांतल्या नोंदी एकाच पानावर दाटीवाटीने बसल्या. रंग कोणता, उजेड कोठून, कोण कोठे उभे होते हे तो लिहून ठेवी. तेथे पाहिलेल्या एका यहुदी लग्नाचे मोठे चित्र त्याने पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले ते १८४१ साली. नऊ वर्षे त्या नोंदी जिवंत राहिल्या होत्या.

आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे गोव्याचे मारिओ मिरांडा. लहानपणी ते घराच्या भिंती रंगवीत, म्हणून आईने त्यांच्या हाती कोरी वही दिली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या सालांच्या रोजनिशा पुढे पुस्तकरूपाने निघाल्या आहेत. तेव्हा ते पंचविशीच्या आसपासचे होते, आणि गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. लोटली गावातले शेजारीपाजारी, चर्चमधली गर्दी, गप्पांचे अड्डे, मुंबईतले दिवस हे सारे तेथे चित्र आणि मजकूर यांच्या जोडगोळीने येते. माणूस कसा दिसला हे चित्र सांगते आणि तो काय बोलला हे अक्षर सांगते. एकाचे काम दुसरे करू पाहत नाही. मला तर त्यांच्या पुढच्या गाजलेल्या व्यंगचित्रांपेक्षा या रोजनिशा अधिक मोलाच्या वाटतात. व्यंगचित्रांतली माणसे हळूहळू मारिओंच्या ठशाची झाली. मिस निंबूपाणी आपण लांबून ओळखतो. रोजनिशीतला शेजारी मात्र अजून ठसा झालेला नाही. तो त्याच दिवशीचा, त्याच गावचा एक माणूस आहे.

आता चिकटवलेल्या वस्तूंविषयी. प्रवासाचे तिकीट वहीत लावण्याची हौस सर्वांनाच असते. पूर्वीच्या एस. टी. च्या तिकिटावर कंडक्टर चिमट्याने भोके पाडी. ते तिकीट वहीत वर्षानुवर्षे टिकते आणि त्याची भोकेही प्रवासाची हकिकत सांगतात. आजचे यंत्रातून निघणारे तिकीट उष्णतेने उमटणाऱ्या कागदाचे असते. थोड्याच काळात त्यावरची अक्षरे उडतात आणि वहीत कोरी पट्टी तेवढी उरते. म्हणून तिकीट लावले तरी गावांची नावे आणि भाडे शेजारी हाताने लिहावे. घरच्या रंगांचेही असेच आहे. गेरू खनिज असल्यामुळे टिकतो. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी मन मोहून घेतो, पण उन्हात त्याचा रंग उडतो आणि चुना लागला तर तो लाल होतो. हे ठाऊक असून हळद वापरली तर ती गंमत आहे. न कळता वापरली तर पानाचा घात आहे.

साधनांइतकाच ‘स्थानिक दृश्य’ हा शब्दही तपासून घ्यावयास हवा. स्थानिक म्हणजे प्रेक्षणीय नव्हे. दोन वर्षांपूर्वी वाईच्या घाटावर एक तरुण चित्रकार ढोल्या गणपतीचे देऊळ काढीत होता आणि मी शेजारी बसलो होतो. धुणे आटोपून वर येणारी एक म्हातारी वाकून पाहू लागली. म्हणाली, “देऊळ झ्याक काढलंस रं बाळा. पन आमचं धुन्याचं दगड कुठं हायती?” मुलगा हसला, पण दुपारी त्याने नवे पान घेऊन ते दगडच काढले: झिजलेले, मधोमध खोलगट, एकाच्या कडेला साबणाचा तुकडा. त्याच्या वहीतले ते पान देवळाच्या पानाहून सरस आहे. देऊळ आपण शेकडो छायाचित्रांत पाहिले आहे. ते दगड त्या म्हातारीने दाखवले नसते तर कोणाच्याच डोळ्यांना दिसले नसते.

हे आपल्या थोर चित्रकारांना पुरते माहीत होते. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले, पण रमले ते आपल्या गावात. कोटितीर्थ आणि रंकाळा ही तळी त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवली; जागा तीच, प्रहर निराळा. कोल्हापुरातच जन्मलेल्या रावबहादूर धुरंधरांनी मुंबईची माणसे टिपली. १९१२ साली निघालेल्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकातली त्यांची चित्रे पाहावीत; डोक्यावरच्या पागोट्यावरून आणि लुगड्याच्या नेसणीवरून माणूस कोणत्या समाजातला हे सांगता येते. तो नेमकेपणा रोजच्या रेखाटनाच्या सवयीवाचून हाताला येत नाही. त्यांची मोठी पौराणिक चित्रे आज मला थोडी नाटकी वाटतात. रस्त्यावरच्या माणसांची रेखाटने मात्र शंभर वर्षांनंतरही शिळी झालेली नाहीत.

परंतु आबालालांचे पुष्कळसे काम विखुरले आणि नाहीसे झाले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. ते १९३१ साली वारले. एवढ्या मोठ्या कलावंताच्या कागदांची ही गत, तर आपल्या घरातल्या आत्याच्या किंवा धाकट्या काकांच्या वहीची काय कथा! दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरची ट्रंक खाली येते, जुन्या मासिकांबरोबर ती वही तराजूत पडते, आणि गावातली पाडलेली वेस, बुजवलेला आड, बंद पडलेली पिठाची गिरणी ही ज्या एकाच ठिकाणी शिल्लक होती तेथूनही जातात. अशा वहीतली चित्रे कदाचित कच्ची असतील; तरी तिच्यात कोणीतरी त्या आडाकडे अर्धा तास नीट पाहिलेले आहे. फोनमधल्या हजार छायाचित्रांपैकी कितींच्या बाबतीत असे म्हणता येईल?

म्हणून रद्दीवाला येण्यापूर्वी ती ट्रंक एकदा स्वतः उघडून पाहावी. वही सापडलीच तर प्रत्येक पान कोठले आणि कोणत्या सालचे, हे जाणत्या वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहावे, आणि ती कोरड्या जागी ठेवावी. घरातल्या मुलांना एक कोरी वही द्यावी; कागद जाडसर असावा, कारण पातळ कागद पाण्याने फुगतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणातल्या पणत्या काढताना ज्योतीच्या जागी आधी पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा घासू द्यावा आणि वरून निळ्या-काळ्या रंगाचा सढळ हात फिरवू द्यावा. रात्र सगळीकडे पसरेल आणि ज्योती तेवढ्या उजळ राहतील. खाली तारीख आणि गावाचे नाव घालावयास मात्र सांगावे.