शैलीपुस्तिका, डिझाइन सिस्टिम आणि मराठी अक्षर : एक चिकित्सा

संकेतस्थळावरील रंग, अक्षरे, बटणे व अर्जाचे रकाने यांविषयीचे नियम शैलीपुस्तिका सांगते. डिझाइन सिस्टिम त्यांच्या जोडीला वापरण्यास सिद्ध असे घटकही पुरविते. गूगलचे ‘मटेरियल डिझाइन’ (२०१४) व ब्रिटिश शासनाची ‘गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टिम’ (२०१८) ही तिची परिचित उदाहरणे होत. एका ठिकाणची सुधारणा सर्व पानांवर पोहोचविता येते, हे या पद्धतीचे बळ होय. तथापि त्याच मार्गाने उणीवही सर्वत्र पसरते.

देवनागरीच्या संदर्भात हे विशेषत्वाने जाणवते. रोमन अक्षरांवर बेतलेल्या ओळींच्या अंतरात वेलांट्या, रफार व उकार यांची दाटी होते. ‘मटेरियल डिझाइन’ने उंच लिपींचा वेगळा वर्ग कल्पून त्यांत हिंदीचा समावेश केला, ही बाब स्वागतार्ह होय. परंतु लिपी एक असली तरी भाषा एक नव्हे. मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदीहून भिन्न आहेत; महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठी वर्णांची प्रमाण रूपे निश्चित केली. काही टंकांत दोन्ही वळणे अंतर्भूत असतात. मात्र पानाच्या संहितेत मराठीची भाषाखूण नसल्यास मराठी वळणे आपोआप उमटत नाहीत. येथे दोष टंकाचा नसून नियमाच्या अभावाचा ठरतो.

म्हणूनच मराठी संकेतस्थळाच्या शैलीपुस्तिकेत भाषाखूण व ओळींचे अंतर यांचे नियम आरंभीच असावेत, आणि प्रत्येक बदलानंतर पाने तपासण्याचे काम तंत्रज्ञाबरोबर भाषेच्या जाणकाराकडेही सोपवावे. अन्यथा एकरूपता साधेल. मराठीपण मात्र हरवेल.