श्वास: बोट किनाऱ्याला लागल्यानंतर

(भीमाशंकर परिसरातल्या श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय जड आहे. लहान मुलाला कर्करोग झाला, तर त्याचे आईबाप ते कसं निभावून नेतात? डॉक्टर यावर त्यांच्या परीनं बोलतातच. आम्ही बोलणार आहोत एका सिनेमाच्या आधारानं. कारण मराठी माणसाच्या मनात या दुखण्याचं जे चित्र आहे, ते बरंचसं एकाच सिनेमानं काढलेलं आहे. तो म्हणजे ‘श्वास’. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला, माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला.

तुमच्यातल्या अनेकांनी तो पाहिला असेल. २००४ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. मराठीला हा मान ‘श्यामची आई’नंतर थेट पन्नास वर्षांनी मिळत होता. पुढे ऑस्करसाठी भारताकडून ‘श्वास’ गेला आणि त्याच्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली. म्हणजे हा सिनेमा आपण नुसता पाहिला नाही, आपला मानला. जे आपलं मानतो, ते जरा उलटसुलट करून पाहायला हवं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. कोकणातला परशुराम हा लहान मुलगा. त्याला दिसेनासं होतं. आजोबा आणि मामा त्याला पुण्याला घेऊन येतात. डॉक्टर साने तपासतात आणि निदान होतं: डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील. आणि डॉक्टरांचा आग्रह असा, की हे ऑपरेशनच्या आधी मुलाला सांगितलं पाहिजे. कोण सांगणार? कसं सांगणार? सिनेमा या प्रश्नावर उभा आहे. अरुण नलावडे यांनी केलेले आजोबा आणि अश्विन चितळेचा परशुराम, या दोघांवर तो तोलला आहे.

आधी त्यात काय चांगलं आहे ते बघू, कारण ते खरोखर मोठं आहे.

पहिली गोष्ट, ‘श्वास’ मुलाला माणूस मानतो. आपल्याकडे घरात मोठं दुखणं आलं की मुलासमोर कुजबुज सुरू होते. ‘त्याला काय कळतंय’ म्हणायचं आणि दाराआड रडायचं. पण मुलाला कळतं. सगळे एकदम गोड का बोलायला लागले, मागितलेली वस्तू लगेच का मिळते, हे त्याला बरोबर कळतं. मग ते एकट्यानंच घाबरत बसतं. सिनेमा म्हणतो, त्याचं शरीर आहे, त्याला सांगा. हे २००४ मध्ये धाडसाचं होतं, आजही आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे आसावरी. अमृता सुभाष यांनी केलेली ही भूमिका वैद्यकीय समाजसेविकेची. डॉक्टरला वेळ नाही, आजोबांना भाषा नाही, आणि ती दोघांच्या मध्ये उभी आहे. एवढी महत्त्वाची व्यक्ती आपल्या सिनेमात त्याआधी क्वचितच दिसली असेल. पण ‘श्वास’ची आठवण काढताना आपण आजोबा म्हणतो, परशुराम म्हणतो, डॉक्टर म्हणतो. आसावरीचं नाव शेवटी येतं, किंवा येतच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी गोष्ट, ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. नजर जाण्याआधी त्याला जग दाखवायला. नियमाच्या दृष्टीनं हा बेजबाबदारपणा, पण माणसाच्या दृष्टीनं तेवढं एकच त्या म्हाताऱ्याच्या हातात उरलं होतं. सिनेमा त्याला दोषी ठरवत नाही, डॉक्टरच्या रागालाही खोटं ठरवत नाही. दोघंही आपापल्या जागी खरे. असा तोल सांभाळणं सोपं नसतं.

आता आमची तक्रार.

‘श्वास’ हा निर्णयाचा सिनेमा आहे. निदान झालं, धक्का बसला, सांगितलं, ऑपरेशन झालं. शेवटी परशुराम बोटीतून गावी परत येतो, डोळ्यांवर काळा चष्मा. किनाऱ्यावर आपली माणसं. आपण डोळे पुसत घरी जातो. मनात ठसतं ते असं, की आईबापांची कसोटी म्हणजे एक भयंकर दिवस. तो दिवस ज्यानं धीरानं काढला, तो जिंकला.

प्रत्यक्षात मुलांच्या कर्करोगात तो दिवस ही सुरुवात असते. परशुरामचंच घ्या. दोन्ही डोळ्यांत हा आजार असला तर तो बहुधा जनुकातून आलेला असतो. म्हणजे त्याला धाकटं भावंड असेल तर त्याचे डोळे तपासायला हवेत, पुन्हा पुन्हा. परशुरामला स्वतःला वर्षानुवर्षं तपासणीला जावं लागेल. शाळेचं काय? पुण्यात कोरेगाव पार्कला अंध मुलांची शाळा आहे, पण तिथे ठेवायचं म्हणजे घरापासून तोडायचं. यातलं काहीच सिनेमात नाही, कारण बोट किनाऱ्याला लागली की सिनेमा संपतो.

आणखी एक. हा आजार बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. कित्येकदा मूल दोन वर्षांचंही नसतं. त्या वयाच्या मुलाला काय सांगणार? तिथे आईबापांना मुलाचा होकार मिळत नाही, त्याचा आधारही मिळत नाही. निर्णय त्यांचा एकट्यांचा. परशुरामचं वय जरा मोठं ठेवल्यामुळे ‘श्वास’ला त्याचं नाट्य मिळालं, ही कथेची गरज आम्ही समजू शकतो. पण जाता जाता उपयोगाचं सांगून ठेवतो. लहान मुलाच्या बुबुळात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली, फोटोत एक डोळा पांढरा आला, किंवा डोळा तिरळा व्हायला लागला, तर थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. लवकर सापडला तर जीव वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचतो.

आणि आई कुठे आहे? सिनेमात मुलाबरोबर आजोबा आणि मामा. आजोबा निवडल्यानं पडद्यावर एक वेगळी माया येते, हे खरं. पण मुलांच्या कॅन्सर वॉर्डात खाटेशेजारी महिनोन्‌महिने बसलेली बहुधा आई असते. बाप मजुरीसाठी गावी परतलेला असतो आणि दुसरं लेकरू आजीकडे. ‘श्वास’नं ही आई दाखवली असती, तर तो इतका आटोपशीर झाला नसता. कारण तिचं दुःख एका प्रसंगात मावत नाही.

आता सिनेमा जरा बाजूला ठेवू आणि आपल्या मुलखात येऊ.

समजा, आहुप्याचं एक कुटुंब आहे. किंवा जुन्नरकडचं म्हणा, आंबे-हातवीजचं. सहा वर्षांची मुलगी. ताप हटत नाही, चेहरा पांढराफटक, अंगावर उगाच काळेनिळे डाग. घोडेगावला रक्त तपासलं, तिथून पुण्याला पाठवलं. निदान झालं: रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच. त्यातल्या नेहमीच्या प्रकारावर चांगले उपचार आहेत आणि नीट उपचार झाले तर बहुतेक मुलं बरी होतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, तर अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. आजार तोच, औषधंही बरीचशी तीच. फरक कशात आहे? निदान उशिरा होणं हे एक कारण, औषध वेळेवर न मिळणं हे दुसरं. आणि एक मोठं कारण आहे उपचार मध्येच सुटणं.

इथे ‘श्वास’चं चित्र आपल्याला फसवतं. कारण हा उपचार एका ऑपरेशनचा नाही, दोन ते अडीच वर्षांचा आहे. पहिला महिनाभर रुग्णालयाला चिकटून राहायचं. मग काही महिने सतत फेऱ्या, सलाईनमधून औषधं, पाठीच्या कण्यात इंजेक्शनं. त्यानंतर शेवटचा लांबलचक टप्पा: घरी रोज गोळ्या आणि ठरलेल्या तारखांना तपासणी.

आता या अडीच वर्षांवर आपलं वर्ष ठेवून बघा. त्यात हिरड्याचे दोन हंगाम येतात. वर्षाचा रोख पैसा त्यातच असतो. भाताची आवणी दोनदा तरी येते, आणि आवणी काही रुग्णालयाची तारीख बघून थांबत नाही. पाऊस सरला की नारायणगाव-मंचरच्या बाजूला मजुरीला जायचे दिवस. भीमाशंकरच्या डोंगरातून पुणं शंभर-सव्वाशे किलोमीटर, परळचं टाटा रुग्णालय त्याहून कितीतरी लांब. प्रत्येक फेरीत किमान एका माणसाचे दोन दिवस जातात.

यात सगळ्यात अवघड टप्पा कोणता? शेवटचा. तेव्हा मुलगी हसते, खेळते, डोक्यावर केस परत आलेले असतात. आजी म्हणते, ‘पोर बरी झाली, कशाला तिला सुया टोचता?’ यात अडाणीपणा नाही. डोळ्यांना दिसतं तेच ती बोलते. रक्तात लपून राहिलेल्या चार पेशी तिला कोणी समजावलेल्या नसतात. सलग चार आठवडे किंवा जास्त उपचार चुकले, की वैद्यकशास्त्र त्याला ‘उपचार सोडले’ असं म्हणतं. चार आठवडे म्हणजे एक आवणी.

दुसरा धोका तापाचा. या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साधा तापही जिवावर बेततो. डॉक्टर सांगतात, ताप आला की लगेच रुग्णालय गाठा. पण आषाढातली रात्र, धुकं, रस्त्यावर दरड आणि शेवटची एसटी केव्हाच गेलेली. अशा वेळी आईबापांचा धीर किती आहे, हा प्रश्न विचारून काय उपयोग? विचारायचं ते हे, की गावात गाडी कोणाकडे आहे आणि रात्री दोन वाजता तो फोन उचलतो का.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. आपण धीर ही मनाची गोष्ट समजतो. ‘त्या बाईनं फार सोसलं’, ‘त्या माणसानं हाय खाल्ली’, असं आपण बोलतो, जणू परीक्षेचे गुण वाटतोय. ‘श्यामची आई’ घ्या नाहीतर ‘श्वास’ घ्या, या दोन्ही सिनेमांनी सोसणं हे एकाच माणसाच्या काळजात ठेवलं. आईच्या, नाहीतर आजोबांच्या. त्यामुळे सिनेमा थोर होतो. पण त्या नजरेनं आपण शेजारच्या घराकडे बघायला लागलो, की उपचार सोडणारे आईबाप आपल्याला दुबळे किंवा बेफिकीर वाटतात. खरं म्हणजे त्यांचा धीर संपलेला नसतो. त्यांचे पैसे, दिवस आणि माणसं संपलेली असतात.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कर्करोगाच्या उपचारांचा खर्च तिच्यातून होतो, आणि त्यामुळे पुष्कळ घरं तरली आहेत. पण ती रुग्णालयातलं बिल उचलते, बुडालेली मजुरी उचलत नाही. मुंबईत राहायचं कुठे, तर दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं आहेत, तिथे कर्करोगाच्या मुलांना आईबापांसह मोफत राहता येतं. गाडगेबाबांना हे फार आधी उमगलं होतं, की रोग्याला खाट मिळाली तरी त्याच्या माणसांनी रात्री पाठ टेकायची कुठे? आमच्या मते ही ‘श्वास’वरची सगळ्यात चांगली टीका आहे, आणि ती सिनेमा निघण्याच्या पन्नास वर्षं आधीच, विटा रचून केलेली.

कोणी विचारेल, मग भगताकडे जाणाऱ्यांचं काय, नवस बोलणाऱ्यांचं काय? भीमाशंकराला नवस बोलल्यानं औषध अडत नाही. औषध थांबवून बोलला तर मात्र घात होतो. पण भगताकडे माणूस का जातो, हेही बघा. तिथे त्याला कोणीतरी बसवून घेतं, त्याच्या भाषेत विचारतं, ऐकून घेतं. रुग्णालयात हे काम करायला आसावरी असायला हवी. जिथे ती आहे, तिथे आईबापांना पुढची तारीख का चुकवायची नाही हे कळतं. जिथे नाही, तिथे त्यांच्या हातात फक्त कागद असतो.

म्हणून ‘श्वास’ पुन्हा बघा. जरूर बघा, आणि या वेळी आसावरीकडे लक्ष ठेवून बघा. शेवटी बोट किनाऱ्याला लागेल तेव्हा त्या वाट बघणाऱ्या माणसांकडेही नीट बघा. सिनेमानं त्यांना स्वागतापुरतं उभं केलंय. आमच्या दृष्टीनं त्यांची गोष्ट तिथे सुरू होते. पुढच्या तपासणीला परशुरामबरोबर कोण जाणार? त्या दिवशी घरच्या गुरांना पाणी कोण दाखवणार? धाकट्याला शाळेत कोण सोडणार?

आपल्या वाडीत असं एखादं घर असेल, तर ‘धीर धरा’ म्हणायच्या ऐवजी त्यांना पुढची तारीख विचारा. ती आवणीच्या दिवसांत येत असेल, तर त्यांच्या खाचरात दोन माणसं पाठवा. पडकई आपल्याकडे होतीच की, एकमेकांच्या शेतावर राबायची. ती फक्त भातासाठीच होती, असं कुठे लिहून ठेवलंय?

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.